डॅशबोर्ड हिरवा, तरी डोमेन अधूनमधून अडखळतं: नेमसर्व्हरचा प्रतिसाद नीट कसा मोजायचा

तक्रार ठरलेली असते. साइट उघडायला कधीकधी पाच सेकंद लागतात, लगेच दुसऱ्यांदा उघडली तर झटक्यात येते. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये काही सापडत नाही, लोड नाही, डेटाबेस निवांत. डीएनएसचा, म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, ग्राफ काढून पाहावा तर सरासरी २० मिलिसेकंदांवर सरळ रेघ. मग ‘तपासलं, अडचण आढळली नाही’ असं लिहून तिकीट बंद होतं आणि काही दिवसांनी तेच तिकीट नवा नंबर घेऊन परत येतं.

ग्राफवरचा आकडा बहुतेक वेळा खराच असतो, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर असतो. कधी तो रिझॉल्व्हरच्या (आपल्यासाठी उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरच्या) कॅशेचा, म्हणजे साठवलेल्या उत्तरांचा, वेग असतो, कधी डोमेनची मूळ उत्तरं देणाऱ्या चार नेमसर्व्हरपैकी सगळ्यांत जवळच्याचा, तर कधी फक्त ज्या क्वेरींना उत्तर मिळालं त्यांचा. ज्याची क्वेरी अडकली तो यात कुठेच नसतो. म्हणून माझा आग्रह असा, की आधी मोजणी दुरुस्त करा आणि मगच नेमसर्व्हरला हात लावा. उलट्या क्रमाने गेलात तर टीटीएल (उत्तर कॅशेत किती सेकंद ठेवायचं तो आकडा) बदलाल, सर्व्हर बदलाल, प्रोव्हायडरही बदलाल, आणि नेमकं कशामुळे बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

आधी बघा, उत्तर देतंय कोण

नुसतं ‘डिग’ (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) चालवलं की क्वेरी तुमच्या मशीनवर नेमलेल्या रिझॉल्व्हरकडे जाते. पहिल्यांदा ८० मिलिसेकंद आणि दुसऱ्यांदा ० किंवा १ दिसलं, तर दुसरा आकडा कॅशेचा. डोमेनच्या नेमसर्व्हरशी त्याचा संबंध नाही. हे ओळखायच्या दोन खुणा आउटपुटमध्येच असतात. ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हरच्या, म्हणजे डोमेनच्या स्वतःच्या नेमसर्व्हरच्या, उत्तरात ‘एए’ फ्लॅग असतो, कॅशेतल्या उत्तरात नसतो. आणि ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हर टीटीएल दर वेळी पूर्ण देतो: ३०० असेल तर ३००च. कॅशेतून आलेला टीटीएल ३००, २९१, २७४ असा उतरत जातो.

तेव्हा मोजायचं ते थेट नेमसर्व्हरच्या पत्त्यावर, रिकर्शन (दुसऱ्या सर्व्हरना विचारून उत्तर आणणं) बंद करून. मी वापरतो ती कमांड अशी:

डिग @१९२.०.२.५३ एक्झाम्पल.कॉम एसओए +नोरिकर्स +ट्राइज=१ +टाइम=२ +एनएसआयडी

‘एसओए’ म्हणजे झोनची (डोमेनच्या नोंदींच्या संचाची) मूळ माहिती आणि आवृत्तीचा क्रमांक, म्हणजे सीरियल, असलेला रेकॉर्ड. ‘एनएसआयडी’ म्हणजे उत्तर देणाऱ्या मशीनची ओळख. यातला ‘ट्राइज=१’ अजिबात गाळू नका. ‘डिग’ मुळात ५ सेकंद थांबतं आणि एकूण ३ वेळा प्रयत्न करतं. पहिलं पॅकेट हरवलं, ५ सेकंदांनी दुसरं गेलं आणि त्याला २० मिलिसेकंदांत उत्तर आलं, तर ‘क्वेरी टाइम’च्या ओळीत २०च छापलं जातं, कारण ते घड्याळ शेवटच्या प्रयत्नापासून चालतं. माणूस पाच सेकंद स्क्रीनकडे बघत बसलेला असतो आणि स्क्रिप्टमधून काढलेला आकडा म्हणतो २०. ‘डिग’चं आउटपुट कापून ग्राफ काढणाऱ्या पुष्कळ घरगुती स्क्रिप्टमध्ये हेच भोक असतं. एकच प्रयत्न, दोन सेकंदांची मुदत, आणि उत्तर नाही आलं तर ते ‘हरवलं’ म्हणून वेगळं मोजायचं. इतकं केलं तरी बऱ्याच ‘निरोगी’ डोमेनचे ग्राफ त्याच दिवशी बदलतात.

यादी दोन्ही बाजूंनी काढा

नेमसर्व्हरची यादी दोन ठिकाणी असते: वरच्या झोनमध्ये (उदा. डॉट कॉमच्या) डेलिगेशन म्हणून आणि तुमच्या स्वतःच्या झोनमध्ये एनएस रेकॉर्ड म्हणून. दोन्ही मागवा आणि शेजारी ठेवून बघा. वर चार नावं आणि खाली तीन असा प्रकार वाटतो त्याहून खूप जास्त आढळतो. चौथा सर्व्हर कधीतरी बंद केलेला असतो, झोनमधून काढलेलाही असतो, पण रजिस्ट्रारकडे त्याचं नाव तसंच राहिलेलं असतं. नव्याने येणारा रिझॉल्व्हर आधी वरची यादी बघतो, त्यामुळे त्यातल्या काहींची पहिली क्वेरी त्या मेलेल्या पत्त्यावर जाते. तुमचा मॉनिटर मात्र झोनमधल्या तीन नावांवर समाधानी असतो.

नाव काढून टाकताना घाईही करू नका. डॉट कॉमच्या डेलिगेशनचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे. आज नाव काढलं तरी परवापर्यंत लोक त्या सर्व्हरकडे येत राहणार. तोवर तो चालू ठेवायचा आणि त्यावरच्या क्वेरी आटल्या की बंद करायचा.

यादी पक्की झाली की प्रत्येक नावाचे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पत्ते वेगळे करा. मोजणीचं एकक नाव नव्हे, पत्ता. चार नेमसर्व्हर, प्रत्येकाचे दोन पत्ते, प्रत्येकावर यूडीपी आणि टीसीपी या क्वेरी पाठवायच्या दोन पद्धती: सोळा वेगळ्या रेघा होतात. जास्त वाटतील, पण दोष हमखास त्यांच्यातल्याच एखाद-दुसऱ्या रेघेत असतो आणि सोळांची सरासरी काढली की तो विरघळून जातो. विशेषतः आयपीव्ही६ चा पत्ता जाहीर केलेला, पण मधल्या फायरवॉलने पोर्ट ५३ अडवलेला, हे प्रकरण महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

लक्षात न येण्याचं कारण रिझॉल्व्हरच्या स्वभावात आहे. बाइंड (रिझॉल्व्हर आणि नेमसर्व्हर दोन्ही म्हणून चालणारा प्रोग्रॅम) प्रत्येक सर्व्हरच्या प्रतिसादाची हिशोबवही ठेवतो आणि वेगवान सर्व्हरला पसंती देतो. त्यामुळे एक सर्व्हर झोपला तरी नेहमीच्या वर्दळीत ते फारसं जाणवत नाही. अनबाउंड या दुसऱ्या रिझॉल्व्हरचं वेगळं आहे. सगळ्यांत वेगवान सर्व्हरपासून ४०० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात जे बसतात, त्यांच्यातून तो कुठलाही निवडतो. म्हणजे तीन सर्व्हर २० मिलिसेकंदांत उत्तर देतात आणि चौथा २५० मध्ये, तर अनबाउंड वापरणाऱ्यांच्या क्वेरींचा जवळपास चौथा हिस्सा त्या हळू सर्व्हरवर जाणार. ‘रिझॉल्व्हर आपोआप जवळचा सर्व्हर शोधतो’ या भरवशावर एखादा लांबचा सर्व्हर यादीत टिकवून ठेवणाऱ्यांनी हे जरूर तपासून पाहावं.

उशीर कुठल्या मापाचा आहे

मला सगळ्यांत उपयोगी पडलेली सवय म्हणजे उशिराचा आकडा वाचण्याआधी त्याचं माप ओळखणं. प्रत्येक बिघाडाचा आपला एक ठसा असतो.

अगदी ५ सेकंद, किंवा ५ आणि वर थोडे मिलिसेकंद: ही मुदत संपून दुसरा प्रयत्न झाल्याची खूण. जीलिबसीची, म्हणजे लिनक्सवर ॲप्लिकेशनच्या वतीने रिझॉल्व्हरला विचारणाऱ्या लायब्ररीची, मूळ मुदत ५ सेकंद आणि प्रयत्न २ आहेत. रिझॉल्व्हर स्वतः नेमसर्व्हरकडे क्वेरी पाठवतो तेव्हा इतका वेळ थांबत नाही. बरंच लवकर दुसऱ्या पत्त्याकडे वळतो. म्हणून ॲप्लिकेशनला नेमके पाच सेकंद लागत असतील तर पहिला संशय डोमेनच्या नेमसर्व्हरवर नको, ॲप्लिकेशन आणि रिझॉल्व्हर यांच्यामधल्या वाटेवर हवा. कंटेनरच्या जगात याचं एक प्रसिद्ध कारण आहे. ए (आयपीव्ही४ पत्ता) आणि क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्ता) या दोन क्वेरी एकाच सॉकेटमधून एकदम निघतात, लिनक्सच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये पत्ता बदलताना दोघींची टक्कर होते आणि एक पॅकेट गळतं. रिझॉल्व्ह-कॉन्फ या फाइलमध्ये ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ हा पर्याय टाकून पाच सेकंद गायब झाले, तर नेमसर्व्हरवाल्यांना तिकीट पाठवायची गरज उरत नाही.

नेहमीच्या तिप्पट: ४० ऐवजी १२० मिलिसेकंद. इथे उत्तर यूडीपीत मावलेलं नाही. सर्व्हरने टीसी बिट लावून कापलेलं उत्तर पाठवलं, ही एक फेरी. मग टीसीपीचं हस्तांदोलन, ही दुसरी. मग तीच क्वेरी पुन्हा, ही तिसरी. डीएनएससेक (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या) लावलेल्या झोनमध्ये, किंवा टीएक्सटी रेकॉर्डांची गर्दी झालेल्या नावावर हे दिसतं. मूळ यूडीपी मर्यादा ५१२ बाइटची. ईडीएनएस या विस्तारामुळे ती वाढवता येते आणि २०२० च्या डीएनएस फ्लॅग डेपासून १२३२ बाइटची शिफारस आहे, म्हणजे पॅकेटचे तुकडे पडत नाहीत. याच जागी कुणी फायरवॉलवर टीसीपी पोर्ट ५३ बंद केलेलं असेल, तर तिप्पट वेळ लागण्याऐवजी उत्तरच येत नाही. ‘डीएनएस म्हणजे यूडीपी’ या समजुतीने लिहिलेले फायरवॉलचे नियम अजून पुष्कळ ठिकाणी आहेत. म्हणूनच सोळांतल्या आठ रेघा टीसीपीच्या.

कायम सारखाच जास्त, चढउतार नाही: हे अंतर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरच्या जाण्यायेण्याला किमान १० मिलिसेकंद. वाट कधीच सरळ नसते, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच. सर्व्हरवर कितीही मेहनत घेतली तरी हा आकडा हलणार नाही. एनीकास्ट (एकच पत्ता अनेक ठिकाणच्या मशीनवर) असूनही असं दिसलं तर एनएसआयडी बघा. उत्तर कुठल्या ठिकाणच्या मशीनने दिलं ते त्यातून कळतं, अर्थात ऑपरेटरने ते चालू ठेवलं असेल तर. काल जवळचं मशीन उत्तर देत होतं आणि आज दुसऱ्या खंडातलं देतंय, हा राउटिंगचा प्रश्न आहे.

राहिला तो विस्कटलेला ग्राफ: १५, १८, २१०, १६, ९०, ४००. इथे सर्व्हरवरच काहीतरी चालू आहे, आणि खरं काम इथून सुरू होतं.

मॉनिटर नेहमी एकच नाव विचारतो

बहुतेक मॉनिटर मुख्य डोमेनचा ए रेकॉर्ड किंवा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ विचारतात. झोन मेमरीत ठेवणाऱ्या सर्व्हरवर याने फारसं बिघडत नाही. पण नेमसर्व्हरच्या मागे डेटाबेस असेल तर सगळं चित्र बदलतं. पॉवरडीएनएसच्या ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हरमध्ये पॅकेट कॅशे असतो आणि त्यात उत्तर मुळात २० सेकंद राहतं. लोकप्रिय नावाचं उत्तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या क्वेरींमुळे बहुतेक वेळ त्या कॅशेत तयारच असतं. मॉनिटरला ते मिलिसेकंदाच्या आत मिळतं. ज्या उपडोमेनला तासातून एखादाच माणूस विचारतो, त्याची क्वेरी मात्र दर वेळी डेटाबेसपर्यंत जाते.

अशा एका झोनमध्ये हजारो ग्राहकांची उपडोमेन होती. तक्रारी फक्त लहान ग्राहकांच्या यायच्या, मोठ्यांची एकही नाही. मॉनिटरमध्ये ठरलेल्या नावाच्या जोडीला खऱ्या उपडोमेनच्या यादीतून दर वेळी वेगळं नाव विचारायला सुरुवात केली, तेव्हा एकाच पत्त्यावर दोन वेगळ्या रेघा उमटल्या. ठरलेलं नाव तळाशी सपाट, फिरतं नाव वर उसळ्या मारणारं. उसळ्यांच्या वेळा डेटाबेसच्या हळू क्वेरींच्या लॉगशी जुळल्या आणि रेकॉर्डांच्या टेबलवर नावाच्या कॉलमचा इंडेक्स एका स्थलांतरात हरवलेला निघाला. इंडेक्स परत टाकल्यावर दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या.

म्हणून प्रत्येक पत्त्याला तीन प्रकारची नावं विचारा: एक ठरलेलं, एक खऱ्या नावांमधून फिरतं आणि एक अस्तित्वात नसलेलं, दर वेळी नव्या अक्षरांचं. तिसऱ्याचं उत्तर एनएक्सडोमेन (‘असं नावच नाही’) यायला हवं, आणि तेही वेळेत. ‘नाही’ म्हणायलाही सर्व्हरला शोधावं लागतं. यादृच्छिक उपडोमेनचा मारा होतो तेव्हा हीच रेघ सगळ्यांच्या आधी वर सरकते. प्रोमिथियस या मॉनिटरिंग प्रणालीचा ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर वापरत असाल तर त्यात क्वेरीचं नाव कॉन्फिगरेशनमध्ये पक्कं लिहावं लागतं, त्यामुळे फिरत्या नावांसाठी स्वतःची छोटी स्क्रिप्ट लागेल. शिवाय त्यात रिकर्शनची मागणी मुळात चालू असते. ती बंद करा.

आणि उत्तर नुसतं आलं म्हणून खूश होऊ नका, ते काय आहे ते तपासा. ज्या सर्व्हरवर झोन नेमलेलाच नाही तो सहसा ‘रिफ्यूज्ड’ म्हणतो आणि फार झटकन म्हणतो. वेगाच्या ग्राफवर तो यादीतला सगळ्यांत चांगला सर्व्हर दिसतो. आरकोड (उत्तराचा निकाल सांगणारा कोड), ‘एए’ फ्लॅग आणि एसओएचा सीरियल जुळला तरच ती क्वेरी यशस्वी धरायची. सीरियल सगळ्या सर्व्हरवर सारखा हवा. एखादा मागे राहिला असेल तर तो जुनी उत्तरं तत्परतेने वाटतोय.

ठरावीक वेळेला येणारा उशीर

‘दर तासाला थोडा वेळ अडकतं’ ही तक्रार पाच मिनिटांच्या मॉनिटरला दिसतच नाही. समजा झोन रीलोड होताना सर्व्हर दर तासाला २० सेकंद अडखळतो. मॉनिटर नेहमी दुसऱ्या, सातव्या, बाराव्या मिनिटाला विचारत असेल, तर त्या २० सेकंदांशी त्याची गाठ जन्मात पडणार नाही. वेळ थोडी यादृच्छिक केली तर दर तासाला पंधरात एक एवढी शक्यता येते. दर १० सेकंदांनी विचारलं तर चुकायचा प्रश्नच नाही. एका पत्त्याला दहा सेकंदांतून एक क्वेरी हा नेमसर्व्हरसाठी नगण्य भार आहे.

एक सावधगिरी: सर्व्हरवर रिस्पॉन्स रेट लिमिटिंग (एकाच ठिकाणी किती उत्तरं पाठवायची यावरची मर्यादा) चालू असेल तर मॉनिटरच त्यात अडकू शकतो. बाइंड हा हिशोब एकेका पत्त्याचा ठेवत नाही, आयपीव्ही४ मध्ये मुळात /२४ च्या, म्हणजे २५६ पत्त्यांच्या, गटाचा ठेवतो. तुमचे तीन मॉनिटर एकाच /२४ मध्ये असतील तर त्यांचा कोटा एकच. मर्यादा ओलांडली की काही उत्तरं गाळली जातात आणि काही टीसी बिट लावून येतात. अचानक टीसीपीची वर्दळ वाढलेली दिसली तर आधी हे बघा.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर उसळीच्या क्षणी तीन जागा तपासा. यूडीपीच्या आकडेवारीत ‘रिसीव्ह बफर एरर्स’ वाढतायत का? वाढत असतील तर पॅकेट मशीनपर्यंत आलं, पण प्रोग्रॅमला उचलायला सवड झाली नाही. कर्नलच्या लॉगमध्ये ‘एनएफ-कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ अशी ओळ आहे का? नेमसर्व्हरवर पोर्ट ५३ च्या यूडीपीसाठी कनेक्शन ट्रॅकिंगची मुळात गरज नसते, ते वगळून टाका. आणि तिसरं, क्वेरी लॉगिंग. प्रत्येक क्वेरी डिस्कवर लिहिणारा सर्व्हर डिस्कच्या वेगाने चालतो. लॉग रोटेशन किंवा बॅकअप त्याच वेळी सुरू होत असेल तर उसळीचं वेळापत्रक क्रॉनच्या वेळापत्रकाशी मिनिटाला मिनिट जुळतं.

अलर्ट कशावर लावायचा

सरासरी ग्राफवरून काढूनच टाका. प्रत्येक पत्त्यासाठी मीडियन (मधला आकडा), ९५ वा पर्सेंटाइल (९५ टक्के क्वेरी ज्याच्या आत येतात तो आकडा) आणि हरवलेल्या क्वेरींचं प्रमाण ठेवा. हरवलेल्या क्वेरींना २००० मिलिसेकंद धरून पर्सेंटाइलमध्ये मिसळू नका, त्यांची रेघ वेगळीच असू द्या. वेगवेगळ्या सर्व्हरच्या पर्सेंटाइलची सरासरी काढण्यालाही अर्थ नसतो.

उंबरठा किती ठेवायचा याला एक जाहीर माप आहे. आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या रजिस्ट्री करारात यूडीपीसाठी ५०० आणि टीसीपीसाठी १५०० मिलिसेकंद, किमान ९५ टक्के क्वेरींना, अशी अट आहे. उत्तराला त्याच्या पाचपटीहून जास्त वेळ लागला तर ते आलंच नाही असं धरतात. ही किमान पातळी समजा. रोजच्या कामात मी प्रत्येक पत्त्याच्या स्वतःच्या सवयीशी तुलना करतो: मीडियन नेहमीच्या दुप्पट झाला आणि तसाच राहिला तर सूचना, हरवलेल्या क्वेरी सलग काही मिनिटं येत राहिल्या तर फोन.

मोजणी एकाच जागेवरून असेल तर तुमच्या स्वतःच्या लिंकचा दोष नेमसर्व्हरच्या माथी बसतो. वेगळ्या नेटवर्कवरच्या निदान तीन जागा हव्यात, आणि त्यातल्या दोघींना दिसलं तरच अलर्ट. जास्त दूरवरचं चित्र हवं तर राइप ॲटलास या जगभर पसरलेल्या मोजणीच्या जाळ्यातल्या प्रोबमधून डीएनएसची मोजणी करता येते.

दोष सापडेपर्यंत

टीटीएल वाढवणं हा उपाय नव्हे, पण तोवर लोकांना दिलासा नक्की मिळतो. ६० सेकंदांच्या टीटीएलवर एखादा वर्दळीचा रिझॉल्व्हर एका रेकॉर्डसाठी दिवसाला १४४० वेळा तुमच्या दारी येऊ शकतो. ३६०० सेकंदांवर २४ वेळा. ज्या नावाचा पत्ता वर्षानुवर्षं बदललेला नाही, त्याला ६० चा टीटीएल देण्यात मला कधीच शहाणपण दिसलेलं नाही.

आणि नेमसर्व्हर दुसऱ्या कुणाकडे असेल तर ‘डीएनएस हळू आहे’ एवढंच लिहून तिकीट पाठवू नका. ते त्याच दिवशी बंद होईल. यूटीसीतली नेमकी वेळ, क्वेरी कुठल्या पत्त्यावरून निघाली, नेमसर्व्हरच्या कुठल्या पत्त्यावर गेली, यूडीपी की टीसीपी, नाव आणि प्रकार, एनएसआयडी, आणि त्याच मिनिटाला बाकीच्या सर्व्हरनी किती वेळ घेतला, एवढं द्या. जोडीला पोर्ट ५३ चं पॅकेट कॅप्चर, ज्यात बाहेर गेलेली क्वेरी दिसते आणि उत्तर दिसत नाही. पलीकडच्या इंजिनिअरला आपल्या लॉगमध्ये तीच क्वेरी शोधता आली की पॅकेट वाटेत हरवलं की सर्व्हरवर, याचा निकाल लागतो आणि पुढचं काम कुणाचं तेही ठरतं.